अठ्ठावीस मिलिमीटर

उद्यमनगरात दिवसभर मायक्रोमीटर माझ्या हातात.
शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं
की अख्खा लॉट परत.
रात्री जेवण उरकलं
की त्याच हातात ट्रिपल झिरोचा ब्रश.

सोड्याच्या बाटलीच्या बुचावर चिकटवून उभा केलेला
एक माणूस, बोटाच्या पेराएवढा.
बाळू अतिग्रेच्या भट्टीत
जुन्या बेअरिंगचा धातू वितळवून ओतलेला.
आधी करडा प्रायमर. तो वाळेपर्यंत बातम्या.
मग अंगाचा रंग, मग कपडे,
मग काकवीत पाणी घातल्यासारखा तपकिरी:
तो आपला आपणच उतरतो,
कोपरात, काखेत, धोतराच्या निऱ्यांत जाऊन बसतो.
सावली काढावी लागत नाही.

डोळे शेवटी.
श्वास सोडायचा आणि परत घ्यायचा नाही.
दोन ठिपके.
मग घ्यायचा.
दहातले तीन तिरळे होतात.
त्यांना मी मागच्या रांगेत बसवतो;
तिरळ्यांनी काय मॅच बघू नये?

ही म्हणते, "माणसं रंगवत बसलाय,
हॉलची भिंत दोन दिवाळ्या झाल्या तशीच हाय."
भिंतीला मोठा ब्रश लागतो, मी म्हणतो.

प्लायवूडवर स्टेडियमची एकच बाजू,
थर्माकोलच्या पायऱ्या, त्र्याण्णव माणसं.
किटली घेऊन अडकलेला अन्वर चहावाला,
उन्हाला छत्री उघडून
मागच्या सगळ्यांच्या शिव्या खाणारे पोस्टातले कुरणे,
झाडावर दोन पोरं, त्यातल्या एकाची चप्पल खाली.
चप्पल म्हणजे एकच ठिपका,
पण अंगठा दुमडून टाकलेला आहे.
चेंडू मोहरीचा,
केसाएवढ्या तारेवर गोलसमोर थांबलेला.
पेठेतली त्र्याण्णव तोंडं
त्या मोहरीकडं.

अण्णांना रंगवायला घेतलं श्रावणात.
त्या फायनलला शर्ट कुठला होता?
गडहिंग्लजला ताईला फोन लावला: आकाशी.
थोरला म्हणाला: बिस्किटी, पैज लाव.
आई म्हणाली, "तुमच्या अण्णाला दोनच शर्ट.
त्यातला जो वाळला असंल तो."

आकाशी दिला. त्यावर बिस्किटी दिला.
पटेना म्हणून पुन्हा आकाशी.
थरावर थर चढले
आणि नाक बुडालं, बटणं बुजली,
कॉलर सुजल्यागत दिसायला लागली.
शेवटी रात्रभर थिनरमध्ये ठेवले.
सकाळी वर गढूळ रंग
आणि वाटीच्या तळाला अण्णा, उघडे, चकचकीत.
"वाटी फोडणीची होती," ही म्हणाली.

मग आईचंच ऐकलं.
वाळत आलेला शर्ट दिला त्यांना:
खांद्यावर फिका, काखेखाली अजून ओला.
रंगाचं नाव मला विचारू नका.

काल हिनं
घड्याळवाल्याकडनं आणलेलं माझं भिंग डोळ्याला लावलं,
प्लायवूडवर वाकली, बराच वेळ.
कुरण्यांची छत्री बघून हसली.
मग म्हणाली, "सगळी चेंडूकडं बघत्यात.
मामंजी कुठं बघत्यात?"

अण्णा बघत होते त्या बाजूला
रेषेच्या बाहेर चार बोटं प्लायवूड उघडं आहे.
राखीव खेळाडूंचं बाकडं अजून केलेलं नाही.
लाकूड कापून ठेवलंय, आइस्क्रीमच्या काड्या.
त्या वर्षी सोळा नंबर माझा.
सगळी मॅच मी
बुटाच्या नाड्या आवळून बसलो होतो.

मी म्हटलं,
साच्यातच मान वाकडी आलीय.